भासऱ्यांची एकच फाईल

जगात एकूण दोनच पापं आहेत, एक पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठणं आणि दुसरं एका कामाच्या दोन फायली करणं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा भासरा निघाला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही आणि त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. मी लग्न होऊन आले तोवर वस्तीतल्या बाकी घरांत तो ढिला पडला होता. आमच्या घरात मात्र टिकून होता, कारण भासऱ्यांना एकदा एखादा नियम पटला की तो मोडायला त्यांना लेखी कारण लागे, आणि ते कधी कोणी दिलं नाही. म्हणून या लेखातही त्यांचं नाव येणार नाही. मला ते लिहिता येईल, पण हात उचलत नाही.

सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्यामार्फत चाले. मी चुलीपाशी, भासरे ओसरीवर, मधलं अंतर चार हात. भासरे म्हणायचे, "आई, त्यायले सांग, भाजीत मीठ पडलं नाही." ते मला लख्ख ऐकू येई, तरी सासूबाई मान वळवून मला तेच शब्द पुन्हा सांगत, मी त्यांना सांगे की मीठ वरून देते, आणि त्या तेवढ्याच गंभीरपणे ओसरीकडे निरोप पोचवीत. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्या नवऱ्याकडे यायला हवं होतं. पण नवरा निरोपात स्वतःची भर घाली. मीठ नाही म्हटलं की तो मला सांगायचा, दादा म्हणतो आज बाईचं लक्ष कुठं आहे. मधल्यानं निरोप बदलायचा नसतो, एवढं एकच वाक्य बोलून भासऱ्यांनी त्याला पहिल्याच आठवड्यात कमी केलं आणि ओसरीतल्या सागवानी खांबाची नेमणूक केली. पुढची बारा-तेरा वर्षं ते खांबाशी बोलले आणि मीही खांबाशी बोलले. कोणाला ऊन लागलं, कोणाची बदली झाली, मी शिकवते त्या शाळेत माझं हेडमास्तरांशी काय वाजलं, हे माझ्या नवऱ्याच्या आधी त्या खांबाला ठाऊक असे.

भासरे जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट होते. बी. एस्सी.चे दोन पेपर राहिले ते राहिलेच. लग्न केलं नाही. करायचं का नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, प्रोग्रॅम चालू आहे, संपला की पाहू. कॉलेजातले मोठमोठे सर अडले की दार लोटून यांच्याकडे येत, आणि सुटले की दार लोटून परत जात. त्याचं त्यांना काही वाटत नसे. घरी मात्र त्यांच्या हुशारीचा जाच होता. ते शून्यापासून मोजत. त्यांच्या हिशेबानं पहिली पोळी ही शून्य नंबरची, त्यामुळे चार पोळ्या खाऊन ते खांबाला सांगत की तीन नंबर झाली, आणि सासूबाईंना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोराचं जेवण कमी झालं आहे. एकदा लसीकरणाच्या बाईंनी घरात माणसं किती म्हणून विचारलं, तर यांनी शून्य ते तीन असं उत्तर दिलं. त्या बाई मोजता मोजता खालीच बसल्या.

कॉलेजात ते रोज लुनावर जाऊन येत, आणि दर शनिवारी परत येताना पुढं पाय ठेवायच्या जागेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी असे. कॉलेजनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर. रीतसर अर्ज करून, रीतसर सही घेऊन आणलेला. सानगडीच्या बाजारातून येणाऱ्या लोकांनी सुरुवातीला विचारलं, पोत्यात काय आहे जी, आणि भासऱ्यांनी खरं सांगितलं. तेव्हापासून गावात अशी समजूत झाली की कॉम्प्युटर पोत्यानं विकत मिळतात. असे आठ जमले. धानाची कोठी रिकामी करून त्यांनी तिथं फळ्या टाकल्या, आठही ओळीनं मांडले आणि निळ्या वायरींनी एका डब्याला जोडले. धान कुठं ठेवायचं, असं मी खांबाला विचारलं.  त्या वर्षी धान माझ्या माहेरून आणलेल्या पलंगाखाली राहिलं.

दोन फायलींचा राग त्यांच्या मनात कधीपासून होता, हे मी सांगू शकते. जिल्हा फुटला तेव्हापासून. गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाकीच्या लोकांना आता तालुका कोणता, कचेरी कुठं, कोर्टाची तारीख कुठं लागणार असल्या चिंता होत्या. भासऱ्यांना एकच चिंता होती, तलावांच्या नोंदींची. आमचा मुलूख तलावांचा. त्यांची समजूत अशी की आधी सगळे तलाव एका कागदावर होते आणि जिल्ह्याबरोबर त्या कागदाचेही दोन झाले, आता एखादा तलाव मधल्यामध्ये हरवला तर कोणाला कळणार नाही. याला पुरावा काही नव्हता. नवरा म्हणे, तलाव म्हणजे काय कोंबडी आहे हरवायला. पण भासरे मान हलवीत. ज्या गोष्टीच्या दोन फायली होतात तिच्यात फट राहते आणि त्या फटीत जे पडतं ते कायमचं जातं, असं त्यांचं म्हणणं. वेगळं रेशनकार्ड काढायचा विषय माझ्या नवऱ्यानं एकदाच काढला होता.

आता ते आठ कॉम्प्युटर कशाला, हे सांगायला हवं. एक मोठं काम आठ तुकड्यांत वाटायचं आणि आठांनी ते एकाच वेळी करायचं, याला म्हणतात पॅरलल. भासऱ्यांना ते पुस्तकातून समजलं होतं, पण पटलं रोवण्याच्या दिवसांत. दोन दिवस रजा टाकून ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभे राहिले आणि आठ बायका धान कशा रोवतात हे बघत राहिले. एकेकीची एकेक पात, सगळ्या एका रेषेत, सगळ्या मागं मागं सरकणार, आणि एक जरी मागं राहिली तरी बाकीच्या कंबरेवर हात ठेवून तिच्यासाठी थांबणार. दुसऱ्या दिवशी बायकांनी आमच्या घरी निरोप धाडला की तुमच्या माणसाला घेऊन जा, आम्हाला पदर खोचता येत नाही. भासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी आठही कॉम्प्युटरांना त्या आठ बायकांची नावं दिली आणि पांढऱ्या रंगानं ती वर लिहिली. ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. कौतिकाबाई आमच्या वस्तीतली सगळ्यात खालच्या घरातली, जिभेनं तिखट. ती थेट कोठीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माही मशीन कोनती जी?" भासऱ्यांनी शेवटची दाखवली. ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग पदरानं मशीनवरची धूळ पुसली आणि गेली. पुढं दर रविवारी ती आपली मशीन पुसून जाई. बाकीच्या सात धुळीतच असत.

हे सगळं गमतीचं होतं तोवर होतं. मग तलावाच्या पाळीचा विषय निघाला. आमच्या गावाचा तलाव मोठा, पाळ जुनी, आणि पाळीखालच्या शेतांना शेवटच्या पाण्याला तुटवडा पडतो. तर पाळ दोन फूट वाढवायची, असं पाणी समितीनं ठरवलं. पाळीखाली ज्यांची शेती, ते समितीत. आमची वस्ती पाळीखाली नाही. ती तलावाच्या मागच्या अंगाला, पाणी पसरत पसरत जिथं संपतं तिथं, उतारावर आहे. आमच्यात कोणी मजूर, कोणी मास्तर, कोणी भंडाऱ्याला नोकरीला. तलावाखाली कोणाचं एक बांदीभरही, म्हणजे धानाच्या एका वाफ्याएवढंही, शेत नाही, त्यामुळे आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. पाळ तिकडं, आपण इकडं. हे फक्त भासऱ्यांच्या लक्षात आलं की पाणी पाळीपाशी दोन फूट चढलं तर ते इकडंही चढणार, आणि इकडं उतार इतका सपाट आहे की दोन फूट म्हणजे कौतिकाबाईचं घर, विहाराचं अंगण आणि आमची चूल.

त्या उन्हाळ्यात त्यांनी गाव मोजलं. मिस्त्री लोक वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. तिचं एक टोक माझ्या नवऱ्याच्या हातात, दुसरं स्वतःच्या. तलावाच्या काठानं, बोरीबाभळीतून, लोकांच्या अंगणांतून दोघं भाऊ ती नळी ओढत फिरले. भासऱ्यांना लवकरच घराघराच्या उंबरठ्याची उंची तोंडपाठ झाली आणि माणसं ते उंबरठ्यावरूनच ओळखू लागले. रस्त्यात भेटलेल्या भल्या माणसाला रामराम-जयभीम करायच्या आधी ते सांगत की तुम्ही विहाराच्या पायरीपेक्षा नऊ इंच खाली आहात. एक-दोघांनी हे मनाला लावून घेतलं. माझ्या स्वयंपाकघराची फरशी मोजायला आले तेव्हा मी भाकरी थापत होते. त्यांनी खांबाला सांगितलं, त्यायले सांग, जरा पाय उचला म्हनाव. मी उचलला. नळीतलं पाणी डुचमळून थांबलं आणि भासऱ्यांचा चेहरा उतरला. आमची फरशी सगळ्या वस्तीत खालून दुसरी होती.

तलाव आणि त्याच्या मागची जमीन यांचे त्यांनी आठ पट्टे पाडले. पाळीला लागून शून्य नंबर, आणि शेवटचा, सात नंबर, म्हणजे आमची वस्ती. एकेक पट्टा एकेका मशीनला. प्रत्येकीनं आपल्या पट्ट्यात पाणी कुठवर येतं ते काढायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकाच फाईलमध्ये एकच नकाशा लिहायचा. असे नकाशे तीन काढायचे, पहिला पाळ आहे तशी असताना, दुसरा ती दोन फूट वाढवली तर, आणि तिसरा एक फूट वाढवली तर. एक फुटानं वस्ती कोरडी राहील असा त्यांचा अंदाज होता, पण अंदाज कोण ऐकतो. तालुक्याचे इंजिनिअर साहेब महिनाभरानं मोजणी पाहायला येणार होते आणि त्या दिवशी दोन फुटांवर शिक्का बसायचा होता. त्यांच्यासमोर कोरड्या वस्तीचा नकाशा ठेवता आला तर आमची घरं वाचणार होती.

त्या एकाच फाईलवर घोडं अडलं. आठ जणांनी एका फाईलमध्ये लिहायचं कसं, हे त्यांनी एका दुपारी खांबाला समजावून सांगितलं. मी शेंगा निवडत होते. "पात आपली आपली, पन कागद एकच," ते म्हणाले. "कोनाची जागा कुठून सुरू होते थे आधीच ठरलेलं राह्यते. कोनी कोनाच्या पातीत पाय टाकाचा नाही. अन् लिवाच्या टायमाले साऱ्यायनं संगच या लागते. एक जरी आला नाही, तं बाकीचे हात धरून उभे." आठ वेळा आठ जणांनी डिस्कचं दार वाजवायचं, त्यापेक्षा दोघांनी सगळ्यांचं लिखाण गोळा करून एकदम आत नेऊन ठेवायचं, अशीही त्यात सोय असते. ही सोय त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती आमच्या जेवणाला लावली. ज्यानं त्यानं आपलं ताट उचलून न्यायचं नाही. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं, मग दोघांनी ताटं गोळा करून न्यायची. माझा नवरा भराभर जेवणारा. उष्ट्या हातानं वाट बघत तो पंधरा पंधरा मिनिटं बसे आणि त्याच्या बोटांवर भात वाळत असे.

प्रोग्रॅम लिहून झाला आणि अडकला. पाळ आहे तशी, असा पहिला नकाशा काढायला लावला, आठही मशीननी आपापलं गणित संपवलं, लिहायची वेळ आली आणि सगळं थिजलं. पडद्यावर टिंब उघडझाप करतंय, बस. तासभर थांबले, काही नाही. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग त्यांनी दोन फुटांचा नकाशा लावून बघितला, तर तो पाच मिनिटांत झाला. अगदी सुबक, आमच्या चुलीत निळं पाणी. एक फुटाचा लावला, पुन्हा थिजला. असे तीन रविवार गेले. निळ्या वायरी बदलल्या, त्या जोडायचा डबा बदलला, कौतिका लिहिलेली मशीन वारंवार उघडून बघितली, कारण घोटाळा झाला की त्यांना तिचाच संशय येई. हे कौतिकाबाईच्या कानावर गेलं. ती कोठीच्या दारात येऊन म्हणाली, "कामाले मी कवा मागं राह्यली काय जी? इचारा कोनालेही." भासरे तिच्याकडे न बघता म्हणाले की तुम्ही नाही, ही. ती म्हणाली, नाव तर माझंच आहे. त्या दिवशी तिनं मशीन पुसली नाही.

नवऱ्यानं आपल्या परीनं उपाय सुचवला. आठ वेगवेगळ्या फायली करा, आठ कागद छापा आणि पोळपाटावर ठेवून डिंकानं चिकटवा, साहेबाला काय कळतं. भासरे तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला निरोप खांबाकडून, आणि नवऱ्याला निरोप खांबाकडून माझ्याकडून. पण खरं म्हणजे माणूस आतून खचला होता. साहेब सोमवारी येणार होते आणि हा शेवटचा रविवार होता. ताटावर बसले, शून्य नंबरची पोळी अर्धी खाल्ली आणि उठले. पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठले. आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती घराची नव्हती.

मी हात धुऊन कोठीच्या दारात गेले. ते पाठमोरे बसले होते. खांब तिकडं ओसरीत, म्हणून मी चौकटीला सांगितलं. म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही, पण एक चमत्कारिक वाटतं. आपल्या घरात पाणी शिरतं तेव्हाच हा चालतो, आणि आपण कोरडे राहतो तेव्हा अडकतो. आपल्या पट्ट्यात पाणीच नसेल तेव्हा ती शेवटची मशीन काय लिहिते? भासरे चौकटीला म्हणाले, "काही नाही लिवत. लिवाले काही नाहीच, तं कायले बोलवाचं तिले? मीच लिवून ठेवलं हाये, पानी नसन तं जाऊ नोको." मी म्हटलं, आणि बाकीच्या सात जणी?

ते खुर्चीसकट वळले. चौकटीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पुन्हा म्हना."

मी पुन्हा म्हटलं. बाकीच्या सात जणी कोणासाठी थांबल्या आहेत? त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "रिकाम्या हातानं का होईना, या लागते तिले. मी आपल्याच वस्तीले बोलावलं नाही." त्यांनी एक ओळ खोडली. सात नंबरनंही जायचं, लिहायला काही नाही एवढं तरी सांगायला जायचं. एक फुटाचा नकाशा पाच मिनिटांत झाला. निळं पाणी विहाराच्या खालच्या दगडापाशी येऊन थांबलेलं आणि वस्ती पांढरीशुभ्र. भासरे उठले, बाहेर गेले, आणि उन्हातून चालत कौतिकाबाईच्या घरी जाऊन मशीनची चूक नव्हती, माझी होती, असं तिच्या तोंडावर सांगून आले. परत आल्यावर त्यांना आठवलं की आपण भावाच्या बायकोशी थेट बोललो. मग आठवडाभर ते खांबाशीसुद्धा बोलले नाहीत.

सोमवारची बैठक आमच्या शाळेच्या वर्गात होती. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी तिथं होते. इंजिनिअर साहेब आले, समितीचे अध्यक्ष आले, पाळीखालचे शेतकरी आले. भासऱ्यांना सांगण्यात आलं की तुमचं काय ते दहा मिनिटांत दाखवा. भासरे नकाशांची गुंडाळी मांडीवर घेऊन दुसरीच्या पोरांच्या बाकावर बसले होते, गुडघे छातीशी. ते म्हणाले, सात नंबर आला नाही. अध्यक्षांना काही कळेना. मी सांगितलं की त्यांना मागची वस्ती म्हणायचं आहे. अध्यक्ष तसे सज्जन गृहस्थ, पण ते म्हणाले, "ज्याईचं शेत नाही, त्याईचं इथं काय काम हाये?"

"काम नाही म्हनूनच या लागते," भासरे म्हणाले. "नाही तं सारे अटकते. मी तीन हप्ते अटकलो होतो."

भासरे गुंडाळीची गाठ सोडायला तयार नाहीत. साहेबांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी चहा मागवला. चहा झाला. मग साहेबच म्हणाले की बोलवा बाबा, नाही तर माझा दिवस जाईल, आणि मी चौथीतल्या मुलीला धाडण्याऐवजी स्वतःच गेले. वस्ती सावकाश आली. हातातली कामं टाकून, कोणी ओल्या हातांनी, कोणी मुलाला कडेवर घेऊन. बाकांवर जागा होती, पण बायका भिंतीशी बसल्या. साहेबांनी कौतिकाबाईला विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का. ती म्हणाली, "मले काही सांगाचं नाही जी. मी आली फक्त." भासऱ्यांनी गाठ सोडली.

दोन फुटांचा नकाशा आधी, एक फुटाचा नंतर.  कौतिकाबाईनं निळ्यात आपलं घर ओळखलं आणि त्यावर बोट ठेवलं, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांनी ते बोट बघितलं. त्यातल्या अर्ध्यांच्या बांध्यांत ती रोवायला जाते. साहेबांनी बरेच प्रश्न विचारले, उंबरठ्यांचे आकडे तपासले, आणि शेवटी म्हणाले की पाळ एक फूट वाढवू, बाकीचं पाणी गाळ काढून मिळवू. अध्यक्ष थोडे कुरकुरले, पण गाळ शेतात टाकायला मिळणार म्हटल्यावर तेही निवळले. ठराव एकाच कागदावर झाला, हे सांगायलाच नको. पाळीखालच्यांच्या सह्या आणि आमच्या सह्या एकाखाली एक. आमचे भासरे सही करायला शेवटी उठले, सगळ्यांचं झाल्यावर.

पाळीचं काम दोन उन्हाळे चाललं. गाळ निघाला, पाळीला दगड बसवून पिचिंग झालं, पण त्या दोन उन्हाळ्यांच्या मधल्या थंडीत भासरे गेले. छातीत कळ आली म्हणून साकोलीला नेलं, तिथून भंडाऱ्याला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी त्यांच्या उशाशी बसले होते. तिथं खांब नव्हता, आणि ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. मीच बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. भाजीचं, मिठाचं, शाळेचं असंच काहीतरी, थेट.

काम पुरं झालं त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तलाव काठोकाठ भरला. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं तशी वस्तीतली सगळी माणसं विहाराच्या खाली जाऊन उभी राहिली. पाणी चढत चढत आलं आणि खालच्या दगडापाशी थांबलं. दुसऱ्या दिवशीही तिथंच होतं, तिसऱ्या दिवशीही. बायकांनी पाण्याकडे बघून हात जोडले. आता गावात सगळे सांगतात की मास्तरणीच्या भासऱ्यानं रेघ काढली आणि पाणी बरोबर त्या रेघेवर थांबलं. सुताइतकाही फरक नाही.

फरक आहे. चौथ्या दिवशी मी एकटीच नकाशा आणि नळी घेऊन गेले आणि मोजलं. पाणी रेघेच्या चार बोटं आधीच थांबलं होतं. ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. वर्गात मुलांना मी खरं बोला म्हणून शिकवते, आणि कोणी म्हणालं बरोबर रेघेवर, की मान डोलावते. गावाला चार बोटांचं काय करायचं आहे? चार बोटांसाठी जेवण टाकणारा, पुन्हा सगळं गाव मोजायला निघणारा, लोकांच्या अंगणांतून नळी ओढत त्यांचे उंबरठे त्यांना ऐकवणारा माणूस एकच होता. चूक त्याची होती, म्हणून ती त्यालाच सांगायची होती, आणि आता मला ती रोज एकटीला ठाऊक असते.